आहाराचा सल्ला आणि उद्योगाचा पैसा

काय खावे आणि किती खावे, हा प्रश्न एकेकाळी घरातील वडीलधारी माणसे, ऋतुमान आणि शेतातील पीक यांच्या मताने सुटत असे. आज तो दूरचित्रवाणीवरील जाहिरात, मोबाइलवरील चित्रफीत, दवाखान्यातील भित्तिपत्रक आणि पाकिटावरील छापील मजकूर यांच्या मताने सुटतो. या सर्वांच्या मुखी ‘शास्त्र असे सांगते’ हे एकच वाक्य असते. शास्त्राविषयीचा हा आदर योग्यच आहे. परंतु ज्या शास्त्राचा हवाला दिला जातो, त्याचा खर्च कोणी सोसला, हे मात्र क्वचितच विचारले जाते. वास्तविक जमाखर्चाच्या कोणत्याही वहीत पहिला प्रश्न हाच असतो.

पुणे जिल्ह्यातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांना तर हा प्रश्न अधिक जवळचा आहे. घोड, भीमा आणि मुळा-मुठेच्या पाण्यावर येथे ऊस वाढला. न्हावरे येथे घोडगंगा आणि पाटस येथे भीमा हे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. त्यामागोमाग खासगी कारखाने आले. केडगावच्या परिसरात गुऱ्हाळे आहेत. नगर रस्त्यावर रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत बिस्किटे आणि बटाट्याचे वेफर्स यांचे मोठे कारखाने आहेत. म्हणजे एकाच घरातील थोरला भाऊ ऊस पिकवितो, धाकटा बिस्किटाच्या कारखान्यात पाळी करतो आणि दोघांची मुले शाळेच्या फाटकाबाहेर पाच-दहा रुपयांचे पाकीट विकत घेतात. उत्पादक, कामगार आणि ग्राहक या तिन्ही भूमिका जेथे एका कुटुंबात एकत्र येतात, तेथे आहाराविषयीचा सल्ला कोणाच्या हिताचा, याचा उलगडा करणे सोपे नसते. म्हणूनच तो शांतपणे करावयास हवा.

साखरेची जुनी कागदपत्रे

या दृष्टीने अमेरिकेतील एक प्रकरण मुळातून समजून घेण्यासारखे आहे. विसाव्या शतकाच्या मध्यास तेथे हृदयविकाराचे प्रमाण चिंताजनक झाले होते आणि त्याचा दोष आहारातील स्निग्ध पदार्थांना द्यावा की साखरेला, असा वाद शास्त्रज्ञांत चालू होता. लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजातील प्राध्यापक जॉन युडकिन साखरेकडे बोट दाखवीत होते. १९६५ मध्ये साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने हार्वर्ड विद्यापीठातील पोषणतज्ज्ञांकडे या विषयावरील संशोधनाचा आढावा घेण्याचे काम सोपविले आणि त्यासाठी सुमारे ६,५०० डॉलर मोजले. २०१६ च्या किमतींनुसार ही रक्कम ५०,००० डॉलरच्या घरात जाते. आढाव्याचा हेतू उद्योगाने ठरविला, विचारात घ्यावयाचे काही लेख उद्योगाने पुरविले आणि लेखाचे कच्चे मसुदेही उद्योगाच्या अधिकाऱ्याकडे जात राहिले.

हा आढावा १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकात दोन भागांत प्रसिद्ध झाला. साखरेविरुद्धच्या पुराव्यातील उणिवा त्यात बारकाईने दाखविल्या होत्या. स्निग्ध पदार्थांविरुद्धच्या पुराव्याला मात्र तितकी कठोर कसोटी लावलेली नव्हती. साखर उद्योगाने पैसे दिल्याचा उल्लेख लेखात कोठेही नव्हता. असा उल्लेख करण्याचे बंधन त्या नियतकालिकाने १९८४ मध्ये घातले. दरम्यान या लेखकांपैकी एक, मार्क हेगस्टेड, यांचा १९७७ च्या अमेरिकी आहारविषयक उद्दिष्टांच्या आखणीत सहभाग होता. पुढे सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील क्रिस्टिन कर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या पत्रव्यवहारातून हा सर्व व्यवहार शोधून काढला आणि २०१६ मध्ये तो जगापुढे ठेवला. तोपर्यंत जवळजवळ अर्धशतक उलटून गेले होते.

त्याच उद्योगाचा दुसरा व्यवहार याहून बोलका आहे. १९६८ मध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठातील एका संशोधकाला साखरेच्या उंदरांवरील परिणामांचा अभ्यास करण्यासाठी पैसे देण्यात आले. रक्तातील मेद वाढण्यात साखरेचा आणि आतड्यांतील सूक्ष्म जीवाणूंचा संबंध असावा, तसेच मूत्राशयाच्या कर्करोगाशी जोडल्या जाणाऱ्या एका विकराचे प्रमाण साखरेच्या आहाराने वाढत असावे, अशी चिन्हे प्राथमिक निष्कर्षांत दिसू लागली. संशोधकाने आणखी बारा आठवड्यांची मुदत मागितली. १९७० मध्ये निधी थांबला आणि ते निष्कर्ष प्रसिद्ध झालेच नाहीत. २०१७ मध्ये कर्न्स यांनीच तेही प्रकाशात आणले. यात कोणी खोटे लिहिले नाही, कोणी आकडे बदलले नाहीत. केवळ पैसा थांबला आणि प्रश्न अनुत्तरित राहिला.

यावरून स्निग्ध पदार्थ निर्दोष ठरतात, असा अर्थ कोणी काढू नये. संपृक्त मेदाविषयीचा इशारा आजही वैद्यकशास्त्र देतेच. उद्योगाकडून निधी घेणे ही त्या काळी सर्वमान्य रीत होती आणि उद्योगाच्या निधीचा निष्कर्षांवर नेमका किती परिणाम झाला याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत, हेही खरे. पण ज्या वादात दोन आरोपी होते, त्यात एका आरोपीनेच पंचांचा मेहनताना दिला होता आणि ते कोणाला सांगितले नव्हते, एवढे तरी निर्विवाद आहे.

खोटे न बोलता दिशाभूल

उद्योगाकडून पैसा घेणारा प्रत्येक संशोधक विकला जातो, असे मानणे अन्यायाचे होईल. अनेक प्रामाणिक शास्त्रज्ञांनी असा पैसा घेतला आहे आणि आपले काम चोखपणे केले आहे. दोष व्यक्तीच्या चारित्र्यात शोधण्यापेक्षा व्यवस्थेच्या रचनेत शोधला पाहिजे. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपल्याकडील सद्गुणाची व्याख्या आहे; शास्त्राच्या क्षेत्रात मात्र हाच सद्गुण नकळत दुर्गुण होतो. उत्तर विकत घ्यावे लागत नाही, प्रश्न निवडला की पुरते. पेय पिऊन वजन वाढते काय, असा प्रश्न विचारण्याऐवजी व्यायामाने वजन घटते काय, असा प्रश्न विचारला, तर त्याचे उत्तर प्रामाणिक असूनही पेयविक्रेत्याच्या सोयीचेच येते. २०१५ मध्ये अमेरिकेत कोकाकोला कंपनीच्या पैशावर चालणारे शास्त्रज्ञांचे एक मंडळ उघडकीस आले. खाण्यापेक्षा व्यायामाच्या अभावाकडे लक्ष वेधण्यावर त्याचा भर होता. वर्ष संपण्याच्या आत ते मंडळ गुंडाळावे लागले.

अशा रचनेचा एकत्रित परिणाम आकड्यांत दिसतो. न्यूयॉर्क विद्यापीठातील प्राध्यापिका मॅरियन नेसल यांनी मार्च २०१५ पासून वर्षभर उद्योगाच्या पैशावर झालेल्या पोषणविषयक संशोधनांची नोंद ठेवली. अशा १६८ संशोधनांपैकी १५६ संशोधनांचा निष्कर्ष पैसे देणाऱ्याला अनुकूल होता, केवळ १२ प्रतिकूल होते. ही पद्धतशीर निवड नव्हती, हे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. पण २०१३ मध्ये ‘प्लॉस मेडिसिन’ या नियतकालिकात आलेली पाहणी पद्धतशीर होती. साखरयुक्त पेये आणि वजनवाढ यांविषयीच्या आढाव्यांची त्यात तपासणी झाली. हितसंबंध नसलेल्या १२ निष्कर्षांपैकी १० निष्कर्षांत पेयांमुळे वजन वाढू शकते, असे आढळले. उद्योगाशी आर्थिक संबंध असलेल्या ६ निष्कर्षांपैकी ५ निष्कर्षांत मात्र ‘पुरावा अपुरा आहे’ असे म्हटले होते. विषय एकच, उपलब्ध पुरावाही बव्हंशी एकच. निकाल मात्र उलट.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने यापेक्षाही खोल अशी एक विकृती येथे आहे. ज्या पदार्थावर कंपनीचे नाव छापता येते, त्याचे गुण शोधण्यासाठी पैसा उपलब्ध होतो. कारण त्या शोधाचे फळ कंपनीच्या विक्रीत उतरते. शिरूरच्या कोरडवाहू भागातील बाजरी, दौंडच्या जिराईत पट्ट्यातील ज्वारी, मटकी, हुलगा, शेवग्याचा पाला यांच्यावर कोणाचीही मुद्रा नाही. त्यांचे गुण सिद्ध झाले, तर लाभ सर्वांचा होतो. म्हणूनच त्यासाठी कोणी एकटा व्यापारी खर्च करीत नाही. इक्रिसॅट या संस्थेने विकसित केलेल्या ‘धनशक्ती’ या लोहयुक्त बाजरीची भाकरी महाराष्ट्रातील ग्रामीण शाळांतील मुलामुलींना देऊन केलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली आणि त्यांच्या शरीरातील लोहाची स्थिती सुधारल्याचे तीत दिसले. असे संशोधन होऊ शकले ते सार्वजनिक हितासाठी दिलेल्या निधीमुळे. तो निधी नसेल तेथे बाजरी मुकी राहते आणि पाकीट बोलू लागते.

आपल्याकडील वहिवाट

हा सर्व प्रकार परदेशातला, आपल्याकडे असे काही घडत नाही, असे कोणी म्हणेल, तर अलीकडचा इतिहास त्याला साथ देणार नाही. २००८ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन या डॉक्टरांच्या देशव्यापी संघटनेने पेप्सिको कंपनीच्या फळांच्या रसावर आणि ओट्सवर आपले बोधचिन्ह छापण्यास अनुमती दिली. तो करार सुमारे सव्वादोन कोटी रुपयांचा होता. सामान्य ग्राहकाने पाकिटावरील ते चिन्ह पाहून काय समजावे? डॉक्टरांनी पदार्थ तपासून त्याची शिफारस केली आहे, हेच ना? मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने हा व्यवहार वैद्यकीय आचारसंहितेशी विसंगत ठरवून २०१० मध्ये संघटनेच्या पदाधिकाऱ्यांविरुद्ध कारवाईचा निर्णय घेतला.

शिक्षकांनी तर दुसरे एक उदाहरण विसरू नये. २००७-०८ मध्ये बिस्किट उत्पादकांच्या संघटनेने खासदारांना पत्रे पाठवून, शाळांतील शिजविलेल्या माध्यान्ह भोजनाऐवजी मुलांना बिस्किटांचे पाकीट द्यावे, अशी कल्पना मांडली. जीवनसत्त्वे घातलेली, स्वच्छ, वाटण्यास सोपी अशी बिस्किटे म्हणजे पोषणच, असा त्यामागील युक्तिवाद होता. अनेक खासदारांनी ती मागणी जवळजवळ जशीच्या तशी केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाकडे धाडली. मंत्रालयाने राज्य सरकारांचे आणि पोषणतज्ज्ञांचे मत मागविले, ते प्रतिकूल आले आणि प्रस्ताव बारगळला. शाळेच्या ओट्यावर आज खिचडी शिजते, त्यात या नकाराचा वाटा आहे. पोषणाची परिभाषा वापरून बाजारपेठ कशी मागता येते, याचा हा धडाच होय. आणि स्वतंत्र तज्ज्ञांचे मत वेळीच मागविले तर ती मागणी कशी थोपविता येते, याचाही.

प्रत्येक वेळी मात्र ती थोपविली जात नाही. साखर, मीठ आणि मेद यांचे प्रमाण अधिक असलेल्या पदार्थांच्या पाकिटावर दर्शनी भागी लाल रंगाची खूण असावी, असा मसुदा भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१८ मध्ये काढला. उद्योगाने विरोध केला, मसुदा मागे ठेवला गेला आणि फेरविचारासाठी समिती नेमली गेली. त्या समितीचे प्रमुख हे ज्या संस्थेच्या भारतीय शाखेचे विश्वस्त होते, ती आंतरराष्ट्रीय संस्था कोकाकोलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने १९७८ मध्ये स्थापन केलेली आणि अन्न कंपन्यांच्या वर्गणीवर चालणारी होती, ही गोष्ट २०१९ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने छापली. २०२२ मध्ये नवा मसुदा आला, तो इशाऱ्याऐवजी ताऱ्यांचा. पदार्थातील दोष आणि गुण यांची वजाबाकी करून अर्ध्यापासून पाचपर्यंत तारे द्यावयाचे, अशी ती कल्पना होती. परीक्षेत नापास होणाऱ्या विद्यार्थ्याला हस्ताक्षराचे गुण देऊन वर काढावे, तसाच हा हिशेब. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याविषयीच्या शिफारशी तीन महिन्यांत करण्यास सांगितले. लाल खुणेच्या पहिल्या मसुद्याला तोपर्यंत सात वर्षे झाली होती. विलंब हेसुद्धा एक धोरणच असते आणि त्याचा लाभार्थी कोण, हे सांगावे लागत नाही.

एकोणीस किलोंचे गणित

साखर कारखानदारांच्या ‘इंडियन शुगर मिल्स असोसिएशन’ या संघटनेने काही वर्षांपूर्वी साखरेविषयीचे ‘गैरसमज’ दूर करण्यासाठी ऑनलाइन मोहीम हाती घेतली. भारतीय माणूस वर्षाला सरासरी १९ किलो साखर खातो, जगाची सरासरी २३ किलो आहे, म्हणून भारतीयांना वाढीस वाव आहे, असा एक युक्तिवाद त्या सुमारास वारंवार मांडला गेला. हा आकडा थोडा उलगडून पाहिला पाहिजे. वर्षाला १९ किलो म्हणजे दिवसाला ५२ ग्रॅम. दिवसाला २,००० उष्मांकांचा आहार धरला, तर त्यातील १० टक्क्यांहून कमी उष्मांक साखरेपासून यावेत, म्हणजे ५० ग्रॅमच्या आत साखर असावी, ही जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातलेली मर्यादा आहे. शक्यतो ती २५ ग्रॅमपर्यंत, सुमारे सहा चमच्यांपर्यंत, आणावी असेही तिने सुचविले आहे. म्हणजे ज्या सरासरीला व्यापारी ‘कमी’ म्हणतो, ती वैद्यकीय कमाल मर्यादेच्या पलीकडे आणि इष्ट मर्यादेच्या दुपटीवर आहे. गुळाचा हिशेब यात धरलेलाच नाही. व्यापाऱ्याने शेजाऱ्याच्या खपाशी तुलना केली, वैद्याने शरीराच्या गरजेशी. दोघांचे आकडे खरे आहेत, पण माप वेगळे आहे.

आणखी एक गोष्ट. पाच माणसांच्या कुटुंबाला या हिशेबाने वर्षाला ९५ किलो, म्हणजे महिन्याला जवळजवळ आठ किलो साखर लागावयास हवी. बहुतेक मध्यमवर्गीय घरांच्या वाणसामानाच्या यादीत एवढी साखर नसते. मग उरलेली जाते कोठे? देशातील साखरेचा निम्म्याहून अधिक भाग घरगुती ग्राहक विकत घेतच नाहीत. तो बिस्किटे, शीतपेये, मिठाई, आइस्क्रीम आणि तत्सम उद्योग उचलतात. डब्यातील साखर दिसते आणि मोजता येते, पाकिटातील साखर दिसत नाही आणि मोजलीही जात नाही. पाकिटावरील इशाऱ्याला एवढा विरोध का होतो, याचे उत्तर या एका वस्तुस्थितीत आहे. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे २०२५ मध्ये शाळांत साखरेविषयीचे फलक लावण्यास सांगितले, तेव्हा ४ ते १० वर्षांच्या मुलांच्या आहारात साखरेपासून येणारे उष्मांक १३ टक्के, तर ११ ते १८ वर्षांच्या मुलांत १५ टक्के असल्याचे नमूद केले होते.

हेच माप गुळालाही लावले पाहिजे. गुऱ्हाळात तयार होणारा गूळ रसायनमुक्त असेल, त्यात थोडे क्षारही असतील. परंतु त्याचा बहुतांश भाग साखरेचाच असतो. ‘गूळ कितीही खावा, तो औषधी आहे’ हा सल्ला आपल्या तालुक्यातून निघाला म्हणून शास्त्रीय ठरत नाही. परक्याच्या कंपनीला एक न्याय आणि घरच्या गुऱ्हाळाला दुसरा, असे करून चालणार नाही.

शेतकऱ्याचे हित कशात?

येथे एक आक्षेप हमखास येतो. साखरेविरुद्ध बोलणे म्हणजे ऊस उत्पादकाच्या पोटावर पाय देणे होय, असे म्हटले जाते. तो आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. खप दीर्घकाळ घटत गेला, तर त्याचा ताण उसाच्या दरावर येईल, हे उघड आहे. परंतु उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरविते. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये होता. तो दर वेळेवर मिळणे, तोडणी-वाहतुकीचा खर्च आवाक्यात राहणे, कारखाना नीट चालणे आणि इथेनॉलसारख्या उत्पादनांचा लाभ सभासदापर्यंत पोहोचणे यांवर शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याचे भवितव्य अवलंबून आहे. या प्रश्नांची उत्तरे धोरणाने आणि सहकारातील स्वच्छ कारभाराने द्यावयाची आहेत. मुलांच्या डब्याविषयी अर्धसत्य सांगून ती मिळणार नाहीत.

शिवाय खर्चाची दुसरी बाजू आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे १० कोटी १० लाख रुग्ण आणि त्याच्या उंबरठ्यावरील १३ कोटी ६० लाख व्यक्ती असल्याचा अंदाज निघाला. त्याच परिषदेच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत, देशातील एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार अयोग्य आहारामुळे असल्याचे म्हटले आहे. मधुमेह केवळ साखर खाण्याने होतो असे नाही. आनुवंशिकता, लठ्ठपणा, बैठे जीवन ही कारणे आहेतच. पण पाकीट विकल्याचा नफा एका ताळेबंदात जमा होतो आणि रक्ततपासणीचा, गोळ्यांचा, डायलिसिसचा खर्च दुसऱ्याच्या घरात पडतो. ते घर बहुधा त्याच ऊस उत्पादकाचे किंवा कारखान्यातील कामगाराचे असते. खासगी नफा आणि सार्वजनिक तोटा यांची ही फारकत अर्थशास्त्राला जुनीच परिचित आहे. सल्ला देणाराही नफ्याच्या बाजूला जाऊन बसला, म्हणजे मात्र कुंपणानेच शेत खाण्याची पाळी येते.

कायद्यातच वाट आहे

उद्योगाने संशोधनासाठी पैसा देऊच नये काय? असा टोकाचा निष्कर्ष काढण्याची गरज नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९७५ मध्ये स्थापन झालेली आणि आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट म्हणून ओळखली जाणारी संस्था साखर उद्योगाच्याच आधारावर उभी आहे. उसाची जात, खतपाणी, साखरेचा उतारा यांवर ती संशोधन करते. ऊस कसा पिकवावा, हे उत्पादकाच्या पैशाने शोधणे रास्त आहे. कारण चुकीच्या उत्तराचा तोटा त्यालाच होतो. साखर किती खावी, हे त्याच्या पैशाने ठरविणे रास्त नाही. कारण चुकीच्या उत्तराचा तोटा दुसऱ्याला होतो. या दोन प्रश्नांतील सीमारेषा स्पष्ट आहे आणि तीच पाळावयाची आहे.

ती पाळण्यासाठी परदेशाकडे पाहण्याचेही कारण नाही. अर्भकांच्या दुधाला पर्याय म्हणून विकल्या जाणाऱ्या पावडरींविषयीचा कायदा संसदेने १९९२ मध्ये केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्या कायद्यानुसार अशा पदार्थांचा उत्पादक डॉक्टरांना, आरोग्यसेवकांना किंवा त्यांच्या संघटनांना कोणताही आर्थिक लाभ देऊ शकत नाही. परिसंवाद, परिषद, अभ्यासक्रम, शिष्यवृत्ती, इतकेच काय, संशोधनकार्यासाठीही पैसे देण्यास मनाई आहे. म्हणजे आहाराचा सल्ला देणारा आणि आहार विकणारा यांच्यात पैशाचा व्यवहार असू नये, हे तत्त्व भारतीय कायद्याने तीन दशकांपूर्वीच मान्य केले. फरक एवढाच की, ते दोन वर्षांच्या आतील बालकापुरते मान्य केले. मूल तिसऱ्या वर्षात पाऊल टाकते आणि त्याच्या डॉक्टरांची परिषद कोणत्याही बिस्किट, पेय किंवा पौष्टिक पावडर विकणाऱ्याच्या पैशाने भरू शकते. बालकाच्या दुसऱ्या वाढदिवशी हितसंबंधांचा धोका संपतो, असे मानण्यास आधार काय?

तेव्हा मागणी साधी आहे. हे बंधन साखर, मीठ आणि मेद यांचे प्रमाण अधिक असलेल्या सर्व वेष्टित पदार्थांच्या उत्पादकांना लागू करावे. आहारविषयक मानके ठरविणाऱ्या समितीवरील प्रत्येक सदस्याचे आर्थिक संबंध आधी जाहीर व्हावेत आणि ज्याचे संबंध विषयाशी निगडित असतील त्याने त्या निर्णयात भाग घेऊ नये. उद्योगाला पोषणसंशोधनास साहाय्य करावयाचेच असेल, तर ते एका सामायिक निधीत जमा व्हावे. प्रश्न, संशोधक आणि प्रसिद्धी यांविषयीचे निर्णय स्वतंत्र मंडळाने घ्यावेत. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या फेररचनेत साखरयुक्त शीतपेयांवर ४० टक्के कर ठेवला गेला आणि त्याच वेळी बिस्किटे, चॉकलेट, फरसाण यांवरील कर ५ टक्क्यांवर आणला गेला. पेयांवरील त्या महसुलातील अल्प भाग जरी बाजरी, ज्वारी आणि कडधान्यांवरील संशोधनाकडे वळविला, तरी ज्या अन्नाला आज कोणी वाली नाही त्याला वाली मिळेल.

संसदेने कायदा करीपर्यंत हात बांधून बसण्याचेही कारण नाही. शाळेच्या उपाहारगृहात आणि शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत असे पदार्थ विकण्यास २०२० च्या अन्नसुरक्षा नियमांनी मनाई केली आहे आणि शाळेच्या आवारात त्यांची जाहिरात करण्यासही बंदी आहे. शिरूर आणि दौंड येथील किती शाळांच्या फाटकांसमोर या नियमाची आठवण ठेवली जाते, हे तेथील शिक्षकांनी आणि पालकांनी एकदा मोजून पाहावे. क्रीडास्पर्धेचे बक्षीस, वक्तृत्वस्पर्धेचा मंडप किंवा वह्यांचे वाटप यांसाठी कोणा पेयविक्रेत्याचा पैसा पुढे आला, तर व्यवस्थापनाने तो घेण्यापूर्वी पालकसभेत मांडावा. ‘तज्ज्ञ म्हणतात’ अशा शब्दांनी सुरू होणारा सल्ला वाचताना विद्यार्थ्यांनी त्या तज्ज्ञाचा खर्च कोणी केला, हे शोधण्याची सवय लावून घ्यावी. यासाठी कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.

ऊस गोड लागला म्हणून तो मुळासकट खाऊ नये, हे या मातीतील शहाणपण आहे आणि ते सांगण्यासाठी कोणत्याही कारखान्याने कधी अनुदान दिले नव्हते. उसाला योग्य भाव मिळावा आणि मुलांना योग्य सल्ला मिळावा, या दोन्ही मागण्या एकाच घराच्या आहेत. पहिल्यासाठी दुसरीचा बळी देण्याची सक्ती त्या घरावर कोणी करू नये.